जैसलमेर: तीन दिवस, उन्हाच्या वेळा सांभाळून

टूर कंपन्यांच्या वेळापत्रकात जैसलमेरला बहुधा दीड दिवस मिळतो. दुपारी पोहोचायचं, घाईत किल्ला बघायचा, चारला गाडीत बसून समच्या वाळूवर जायचं, रात्री तंबूत झोपून सकाळी जोधपूरकडे निघायचं. यात किल्ल्यातली जैन मंदिरं हमखास हुकतात, कारण पर्यटकांसाठी ती सकाळीच उघडी असतात आणि दुपारी बाराच्या सुमारास बंद होतात. हवेल्यांचं कोरीवकाम अंधारात राहतं आणि राजघराण्याच्या स्मारकांची बडा बाग गाडीच्या काचेतून दिसते. हे टाळायला फार पैसे लागत नाहीत. तीन रात्री आणि नीट लावलेला क्रम एवढं पुरतं.

क्रमाचं सूत्र सोपं आहे. सकाळी किल्ला आणि मंदिरं, भर दुपारी हवेल्या किंवा संग्रहालय, म्हणजे डोक्यावर छप्पर. तीननंतर उघड्यावरची ठिकाणं. शिवाय शहराबाहेर एका दिवशी एकाच दिशेला जायचं. बडा बाग आणि रामगढ उत्तरेकडच्या रस्त्याला, अमरसागर-लोद्रवा वायव्येला, कुलधरा-खाबा-सम पश्चिमेला, आकल बाडमेरच्या रस्त्याला. ‘एका दिवसात आठ पॉइंट’ म्हणून विकली जाणारी सहल या दिशांमध्ये नुसती मागे-पुढे धावते.

कधी जायचं, कसं पोहोचायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. एप्रिलच्या मध्यापासून पारा चाळिशी ओलांडतो आणि मे-जूनमध्ये लू वाहते, तेव्हा अकरानंतर बाहेर पडण्यात अर्थ नाही. हिवाळ्यात दिवसा शर्टावर फिरता येतं, पण डिसेंबर-जानेवारीच्या रात्री वाळूवर तापमान पाच-सहा अंशांपर्यंत उतरतं. मुंबई-पुण्याची माणसं इथेच फसतात. दुपारचं ऊन बघून स्वेटर हॉटेलवर ठेवतात आणि समला जाऊन कुडकुडतात. कानटोपी, जाकीट आणि पायमोजे दुपारीच गाडीत टाकावेत.

दिवाळीच्या सुट्टीत आणि नाताळ ते नववर्षात गर्दी आणि दर दोन्ही चढतात. माघ पौर्णिमेला संपणारा तीन दिवसांचा मरू महोत्सव बघायचा असेल तर खोली काही महिने आधी घ्या, नाहीतर त्या तारखा सरळ वगळा.

मुंबईहून थेट रेल्वे आहे, पण रोज नाही. ती जुळली नाही तर रात्रीच्या गाडीने जोधपूर गाठायचं आणि तिथून रेल्वेने किंवा रस्त्याने पुढचे सुमारे २८० किलोमीटर, म्हणजे पाच-सहा तास. जैसलमेरच्या विमानतळावरची उड्डाणं हंगामानुसार कमी-जास्त होतात. हा विमानतळ हवाई दलाच्या तळाला लागून आहे, त्यामुळे तिथे फोटो काढू नका.

स्टेशनवर किंवा बसमधून उतरताना कुणी अगदी नाममात्र भाड्यात खोली देऊ करत असेल तर पुढचं गणित ओळखा. खोलीचा तोटा उंटाच्या सफारीतून वसूल होतो. सफारी घेतली नाही तर दुसऱ्या दिवशी गरम पाणी बंद होतं किंवा ‘खोली आधीच बुक होती’ असं निघतं. खोली आणि सफारी दोन वेगळ्या ठिकाणी घ्या.

राहायचं किल्ल्याबाहेर. किल्ल्यातल्या खिडकीतून दिसणारं दृश्य सुंदर असतं यात वाद नाही. पण ही टेकडी वालुकाश्म आणि मातकट थरांची आहे, आणि किल्ला बांधला तेव्हा घरटी पाण्याचा वापर घागरीत मोजण्याइतका होता. नळ, शॉवर आणि फ्लश आल्यापासून सांडपाणी पायाखालच्या थरात मुरतं. त्यामुळे भिंती खचल्या, काही बुरूज ढासळले. किल्ल्यातली प्रत्येक हॉटेलखोली त्यात भर घालते. पायथ्याला गच्चीवरून किल्ला दिसणारी हॉटेलं भरपूर आहेत, आणि किल्ला बाहेरूनच नीट दिसतो.

पहिला दिवस: किल्ला आणि हवेल्या

डिसेंबर-जानेवारीत इथे सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या आसपास मावळतो. उजाडणं मुंबईपेक्षा चांगलं वीस-पंचवीस मिनिटं उशिरा, त्यामुळे सकाळी सहाला उठून अंधारात चाचपडत बसू नका. सातला गडीसर तलावावर पोहोचा. तलाव शहराच्या आग्नेय बाजूला आहे. सूर्य वर आला की पाठीवर ऊन आणि समोर पिवळा किल्ला उजळत जातो, फोटो त्याच अर्ध्या तासात मिळतात. रावल जैसलच्या काळापासूनची ही जागा. चौदाव्या शतकात महारावल गडसी यांनी तलाव नव्याने बांधून घेतला म्हणून हे नाव. १९६० च्या दशकापर्यंत शहर याच पाण्यावर जगलं. काठावरच्या दरवाज्याला टीलों की पोल म्हणतात. टीलों नावाच्या गणिकेने तो बांधला आणि राजाने पाडू नये म्हणून वर कृष्णाचं देऊळ ठेवलं, अशी आख्यायिका आहे. पाण्यात मोठाले मागूर जातीचे मासे आहेत. पाव टाकला की उसळून येतात, लहान मुलांना काठावर सांभाळा. बोटिंग केलं नाही तरी चालेल.

नाश्ता करून नऊपर्यंत किल्ल्याच्या पायथ्याशी. रिक्षा वरच्या चौकापर्यंत जाते, पण तिच्यात बसलात तर चार दरवाज्यांची रचना कळत नाही. अखै पोल, सूरज पोल, गणेश पोल, हवा पोल, प्रत्येक ठिकाणी वाट वळते, म्हणजे हत्तीला किंवा घोडदळाला सरळ धाव घेता येऊ नये. चढ दहा-पंधरा मिनिटांचा. फरशी शेकडो वर्षांच्या वर्दळीने गुळगुळीत झाली आहे, गुळगुळीत तळाची चप्पल इथे घसरते. तटावर रचून ठेवलेले गोल दगड शोभेचे नाहीत, चढून येणाऱ्या शत्रूवर ढकलण्यासाठी आहेत.

११५६ मध्ये भाटी राजपूत रावल जैसल यांनी त्रिकूट टेकडीवर हा किल्ला वसवला. ९९ बुरूज आहेत. २०१३ मध्ये राजस्थानातल्या आणखी पाच किल्ल्यांबरोबर तो जागतिक वारशाच्या यादीत गेला. सह्याद्रीतल्या ओस गडांची सवय असलेल्यांना इथे एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी लागते: हा किल्ला नांदता आहे. आत हजारो लोक राहतात. उघडा दिसणारा दरवाजा म्हणजे दालन नव्हे, कुणाची तरी ओसरी असते. भिंतीवर रंगवलेला गणपती आणि त्याखालची लग्नाची तारीख ही त्या घरातल्या लग्नाची पत्रिका. फोटो काढा, पण उंबरा ओलांडू नका.

दशहरा चौकातून राजमहालाकडे न वळता आधी जैन मंदिरं गाठा. महाल संध्याकाळपर्यंत उघडा असतो, मंदिरं नसतात. सात मंदिरांचा हा समूह बाराव्या ते सोळाव्या शतकांदरम्यान उभा राहिला. पार्श्वनाथ, चंद्रप्रभ, ऋषभदेव, संभवनाथ अशी ती एकमेकांना जोडून आहेत. चामड्याचा पट्टा, पाकीट, पर्स आत चालत नाही, म्हणून त्या दिवशी कापडी पिशवी घेऊन निघा. दारावरचा नियमांचा फलक वाचा आणि कॅमेऱ्याचं तिकीट वेगळं असेल तर ते घ्या. घाई असेल तरी पार्श्वनाथ मंदिराच्या तोरणापाशी आणि चंद्रप्रभच्या मंडपाच्या छताखाली थांबा. संभवनाथ मंदिराखाली ज्ञानभांडार आहे, ताडपत्रांवरच्या जुन्या हस्तलिखितांसाठी ते ओळखलं जातं. एकूण सव्वा तास लागतो.

महालाचं संग्रहालय बरं आहे, ऑडिओ गाइड घेतला तर जास्त बरं. वेळ कमी असेल तर इथेच कापा, हवेल्यांमध्ये कापू नका.

हवेल्या भर दुपारी. पटवों की हवेली म्हणजे एकाच गल्लीतल्या पाच हवेल्या. गुमानचंद पटवा या व्यापाऱ्याने पहिली १८०५ मध्ये बांधायला घेतली, बाकीच्या त्यानंतरच्या दशकांत झाल्या. एकीत खासगी संग्रहालय आहे, तिथे भांडी, फर्निचर, पगड्या मांडल्या आहेत. सरकारी ताब्यातल्या हवेल्या बऱ्याचशा रिकाम्या आहेत. तिकिटं वेगवेगळी, म्हणून आतून एकच बघायची असेल तर संग्रहालयाची निवडा. कोरीव जाळ्यांकडे बाहेरून बघताना त्यांचं काम आतून कळतं: वारा येतो, झळ येत नाही, आणि रस्त्यावरून आतलं माणूस दिसत नाही.

नथमलची हवेली १८८५ ची. हाथी आणि लालू या दोन भावांनी डावी-उजवी बाजू वेगवेगळी कोरली, अशी कथा सांगतात. दाराशी उभं राहून दोन्हीकडच्या खिडक्या एकेक जोडी करून ताडून बघा, नक्षी जुळत नाही. वंशजांचा राबता असल्याने तळमजल्यापुढे जाण्याचा आग्रह धरू नका. सालिम सिंहची हवेली खाली निमुळती आणि वर पसरट, वरच्या मजल्याच्या टेकूंवर मोर कोरलेले. ती बाहेरून पाहिली तरी पुरे. पण हा दिवाण सालिम सिंह लक्षात ठेवा, कुलधऱ्यात त्याचं नाव पुन्हा निघतं.

सूर्यास्ताला व्यास छत्रीवर जा. ही जागा किल्ल्याच्या वायव्येला आहे, मावळतीचं ऊन थेट तटावर पडतं. सूर्य टेकेपर्यंत थांबू नका, अर्धा तास आधी पोहोचा. दगड सोनेरी दिसतो तो सूर्य बुडण्यापूर्वी.

किल्ल्याच्या दाराजवळ सरकारमान्य भांगेचं दुकान आहे आणि आजूबाजूला लस्सी, बिस्किटांतही भांग मिळते. मुलांसाठी लस्सी घेताना ‘साधी’ असं स्पष्ट सांगा. भांगेचा अंमल उशिरा चढतो. काहीच होत नाही म्हणून दुसरा पेला घेणारे आणि त्याच दिवशी उंटावर बसणारे दोन्ही गोत्यात येतात.

दुसरा दिवस: कुलधरा, खाबा आणि वाळू

सकाळी अमरसागर आणि लोद्रवा उरका. लोद्रवा शहरापासून सुमारे १६ किलोमीटरवर आहे, भाट्यांची जैसलमेरपूर्वीची राजधानी. नगर उरलेलं नाही, पण सतराव्या शतकात नव्याने बांधलेलं पार्श्वनाथाचं मंदिर आणि त्यासमोरचं तोरण बघण्यासारखं आहे. अमरसागरला, म्हणजे तिथल्या तलावाला आणि जैन मंदिराला, वीस मिनिटं पुरतात. बारापर्यंत परत येऊन जेवण, विश्रांती.

अडीचला पश्चिमेकडे निघा. कुलधरा शहरापासून अठरा-वीस किलोमीटरवर, सम रस्त्यावरून आत वळून. गाडीचं आणि माणसांचं तिकीट फाटकावर मिळतं आणि सूर्यास्ताला फाटक बंद होतं. चालक भुतांच्या गोष्टी सांगतील. सालिम सिंहची नजर एका मुलीवर पडली आणि पालिवाल ब्राह्मणांनी रातोरात गाव सोडलं, ही कथा सगळीकडे ऐकू येते. पण गाव ओस पडण्यामागे जाचक शेतसारा आणि आटत गेलेलं पाणी ही कारणंही मांडली जातात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते रिकामं झालं.

कुलधऱ्यात भुतांपेक्षा शेती शोधा. पालिवालांनी या भागात ‘खडीन’ पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली. खडकाळ उतारावरून येणारं पावसाचं पाणी सखल जागी मातीचा लांब बांध घालून अडवायचं. पाण्याबरोबर गाळ येतो, पाणी हळूहळू मुरतं, आणि जमीन उघडी पडली की त्या ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. वर्षाला दोनशे मिलिमीटरही पाऊस नसलेल्या मुलखात वरून पाणी न देता रब्बीचं पीक! आजही या भागात खडीन वापरात आहेत. हिवाळ्यात ओसाड माळावर मध्येच हिरवा पट्टा दिसला की त्याच्या खालच्या कडेला बांध असणार. हे माहीत असेल तर पुढचा रस्ता कंटाळवाणा होत नाही. गावात भिंतींवर चढू नका, माथ्यावरचे दगड सुटे आहेत.

वेळ असेल तर खाबा गढी. गर्दी कुलधऱ्याच्या पावपटही नाही आणि तटावरून खालचं ओस गाव आखल्यासारखं दिसतं. खाबा घेतलं तर कुलधऱ्यातला वेळ अर्ध्या तासावर आणा, नाहीतर वाळूवर पोहोचेपर्यंत सूर्य गेलेला असतो.

वाळूसाठी दोन पर्याय: सम आणि खुडी. सम सुमारे ४० किलोमीटर, रस्ता चांगला, रस्त्यालगत तंबूंची रांग, जीप, गाण्यांचा गोंगाट. खुडी नैऋत्येला सुमारे ४५ किलोमीटर, टेकाडं लहान, पण शांत, आणि मुक्काम मातीच्या झोपड्यांतही मिळतो. मोठा गट आणि लहान मुलं असतील तर सम सोयीचं. शांतता हवी असेल तर खुडी, आणि मग कुलधरा-खाबा आज सोडून उद्या दुपारी घ्या.

समचं पॅकेज ठरवताना पुढच्या गोष्टी फोनवर विचारा आणि मेसेजमध्ये लिहून घ्या: उंटाची फेरी किती मिनिटांची (न विचारल्यास वीस मिनिटांत उतरवतात), जीप धरून की वेगळी, तंबूला जोडून संडास आहे का, सकाळी गरम पाणी किती वाजेपर्यंत, आणि कार्यक्रमात मांगणियार (इथले पारंपरिक लोकगायक) आहेत की नुसता डीजे. मांगणियार असतील तर ‘कमायचा ऐकवा’ अशी फर्माईश करा. आंब्याच्या लाकडाचं, बकऱ्याच्या कातड्याने मढवलेलं हे वाद्य वाजवणारे आता कमी उरलेत, आणि मागितलं नाही तर सिनेमाची गाणीच ऐकायला मिळतात.

उंटावर बसताना पूर्ण लांबीची, जाडसर विजार घाला. आखूड चड्डीत मांडीच्या आतल्या बाजूची कातडी सोलते. उंट आधी मागचे पाय सरळ करतो, त्यामुळे स्वार पुढे फेकला जातो. म्हणून तो उठायला लागताच पलाणाची पुढची मूठ धरून मागे रेला. बसताना तो पुढचे गुडघे आधी टेकतो, तेव्हाही मागेच रेलायचं. पडझड बहुतेक या दोन क्षणांत होते, चालताना नाही. नाकाच्या वेसणीपाशी जखम वाहत असेल किंवा उंट लंगडत असेल तर दुसरा मागा. पहिल्यांदा बसणाऱ्यांना तासभर भरपूर होतो.

जीपमधून टेकाडं चढण्या-उतरण्याचा खेळ पट्टे आणि डोक्यावर मजबूत लोखंडी चौकट असेल तरच करा. मागे उभं राहून दांडा धरायला सांगत असतील तर नकार द्या, त्याच अवस्थेत लोक बाहेर फेकले जातात.

वाळूत आणखी दोन गोष्टी त्रास देतात. पावसाळ्यानंतर भुरट नावाच्या गवताचे काटेरी बोंड लोकरी मोज्यांत आणि नाडीत असे रुततात की काढताना बोटं रक्ताळतात. गुळगुळीत कापडाची विजार आणि बंद बूट घाला, वाळूच्या उघड्या माथ्यावर पोहोचल्यावरच अनवाणी व्हा. दुसरी गोष्ट फुरसं, हा विषारी साप. ऑक्टोबरपर्यंत आणि पुन्हा मार्चपासून, उकाड्याच्या रात्री ते बाहेर असतं. अंधारात तंबूबाहेर टॉर्चशिवाय पाऊल टाकू नका आणि बूट झटकून घाला. वाळूवर कॅमेऱ्याची लेन्स बदलू नका. मोबाइल झिपच्या पिशवीत ठेवा.

तिसरा दिवस: तीनांपैकी एक

इथे आवडीप्रमाणे निवड करा, सगळं कोंबू नका.

पक्षी बघायचे असतील तर मरू राष्ट्रीय उद्यान. तीन हजार चौरस किलोमीटरांहून मोठं हे क्षेत्र माळढोकाचा देशातला मुख्य आसरा आहे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर माळढोक बघायला जाणारी पिढी आपल्याकडे होती, आज तिथे तो जवळजवळ संपला. वनविभागाची परवानगी शहरातल्या कार्यालयातून आदल्या दिवशीच घ्या, सुदासरीच्या बाजूला स्थानिक जाणकार सोबत न्या आणि पहाटेच पोहोचा. दहानंतर तापलेल्या हवेच्या लहरींत दुर्बिणीतूनही काही स्पष्ट दिसत नाही. गाडीतून उतरू नका, पक्षी दिसला तर त्याच्या दिशेने गाडी नेऊ नका. माळढोक नाही दिसला तरी चिंकारा, गिधाडं आणि गरुड दिसण्याची शक्यता चांगली असते.

जीवाश्म बघायचे असतील तर आकल. बाडमेर रस्त्यावर १७ किलोमीटर, सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या जंगलातले दगड झालेले वृक्षबुंधे जाळीखाली ठेवलेत. सावली नाही, पाऊण तास पुरे, तुकडा उचलणं गुन्हा. परतताना जोधपूर रस्त्यावरचं युद्ध संग्रहालय आणि संध्याकाळी बडा बाग. राजघराण्याच्या या छत्र्या, म्हणजे मृतांच्या स्मरणार्थ बांधलेले घुमटी मंडप, शहराच्या उत्तरेला ६ किलोमीटरवर एका टेकाडावर आहेत, मागे पवनचक्क्यांची रांग. चारनंतर गेलात तर छत्र्यांमधून तिरपं ऊन येतं आणि घोडेस्वार कोरलेल्या स्मृतिशिळा उठून दिसतात.

तिसरा पर्याय सीमेकडचा: तनोट आणि लोंगेवाला. जाऊन-येऊन २८० किलोमीटरांच्या घरात, म्हणून सातला निघा. रामगढला टाकी भरा, पाणी आणि खाणं घ्या, पुढे मोबाइलचा भरवसा नाही. तनोट मातेच्या मंदिराची व्यवस्था सीमा सुरक्षा दलाकडे आहे. १९६५ च्या युद्धात परिसरात पडलेले आणि न फुटलेले तोफगोळे तिथे ठेवले आहेत. तिथून लोंगेवाला सुमारे ४० किलोमीटर. ४-५ डिसेंबर १९७१ च्या रात्री मेजर कुलदीपसिंह चांदपुरी यांच्या तुकडीने रणगाड्यांचा हल्ला इथे रोखून धरला आणि उजाडताच जैसलमेरहून हंटर विमानं आली. जागेवर उभं राहिलं की त्यांच्यासाठी उजाडणं का महत्त्वाचं होतं ते समजतं: रणगाड्याला लपायला एक झाड नाही. मंदिराच्या पुढे सीमास्तंभापर्यंत जायला परवानगी लागते, मूळ ओळखपत्रं जवळ ठेवा. परदेशी पासपोर्टवर आलेल्या नातेवाइकांना या पट्ट्यात वेगळी पूर्वपरवानगी लागते, ती जैसलमेरला पोहोचल्यावर पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. परतीचा प्रवास अंधारापूर्वी संपवा, रस्त्यावर मोकाट उंट आणि गाई बसतात आणि उंटाचा रंग दिव्यात दिसत नाही.

काय खायचं, काय आणायचं

घोटुवा लाडू इथलेच, मऊ आणि लवकर खराब होणारे, म्हणून निघण्याच्या दिवशी घ्या. केर (काटेरी झुडपाची लहान फळं) आणि सांगरी (खेजडीच्या शेंगा) सुकी मिळते, वर्षभर टिकते. सांगऱ्या काळसर-तपकिरी आणि बारीक घ्या, जाड म्हणजे जून. केर लहान दाण्याचे घ्या. घरी करताना दोन्ही एकत्र भिजवू नका: सांगरी रात्रभर साध्या पाण्यात, केर ताकात, कारण त्यांचा कडवटपणा आणि खार ताकात उतरतो. सकाळी दोन्ही तीन-चार पाण्यांनी धुवा, तळाला वाळू बसलेली असतेच. मग मऊ उकडा, पाणी फेका, आणि भरपूर तेलात सुकी लाल मिरची, धणेपूड, आमचूर घालून परता. पाणी पूर्ण आटलेलं असेल तर ही भाजी थंडीत तीन-चार दिवस टिकते.